फ्रीहँडवाल्यांना आधीच कळलं होतं: अ‍ॅडोबी-मॅक्रोमीडिया विलीनीकरण आणि वापरकर्ते

१८ एप्रिल २००५ च्या सोमवारी सॅन होजेच्या अ‍ॅडोबीने सॅन फ्रान्सिस्कोची मॅक्रोमीडिया विकत घेत असल्याचं जाहीर केलं. सौदा सुमारे ३.४ अब्ज डॉलरचा, आणि सगळा शेअर्सच्या अदलाबदलीतून. मॅक्रोमीडियाच्या भागधारकांना शुक्रवारच्या बंद भावापेक्षा २५ टक्के जास्त किंमत आणि एकत्रित कंपनीत सुमारे १८ टक्के वाटा, असं सगळं टक्क्यांत मांडलेलं होतं. ज्यांच्या पडद्यावर मॅक्रोमीडियाचं ड्रीमवीव्हर (वेबपानं बनवायचं), फ्लॅश (वेबवरची हलती चित्रं), फायरवर्क्स (वेबसाठीची चित्रं) किंवा फ्रीहँड (रेखाटनं) दिवसभर उघडं असायचं, त्यांना मात्र आपलं सॉफ्टवेअर राहणार की जाणार याचा पत्ता नव्हता. व्यवहार पुरा होईपर्यंत दोन स्पर्धक कंपन्यांना उत्पादनांचे पुढचे बेत एकत्र बसून ठरवता येत नाहीत, त्यामुळे दोघींनीही ताकास तूर लागू दिली नाही. कायद्याच्या दृष्टीने ते बरोबरच होतं. पण व्यवहार पुरा व्हायला डिसेंबर उजाडला, आणि तोवर वापरकर्त्यांच्या हाती तर्काशिवाय काही उरलं नाही.

ते तर्क हाच या अभ्यासाचा विषय आहे. कंपन्या अशा प्रतिक्रियांना 'बदलाची भीती' म्हणून बाजूला सारतात. चार दिवस ओरडतील, मग रुळतील. या प्रकरणात एक सोय आहे. प्रत्येक उत्पादनाचं पुढे काय झालं ते आज माहीत असल्यामुळे कोणाचा अंदाज खरा ठरला ते ताडून पाहता येतं. माझ्या मते निकाल बराच स्पष्ट आहे. ज्यांनी दोन्ही कंपन्यांच्या यादीत एकाच कामाची दोन सॉफ्टवेअरं शोधली, ते जवळजवळ प्रत्येक वेळी बरोबर निघाले. ज्यांनी कंपनीच्या स्वभावावरून भाकीत केलं, ते बहुतेक चुकले. आणि सगळ्यांत मोठा फटका जिथून बसला, तिकडे त्या वेळी फारच थोड्यांचं लक्ष होतं.

आधीचं वैर

या दोन कंपन्या एकमेकींना वर्षानुवर्षं पाण्यात पाहत होत्या. अ‍ॅडोबीकडे फोटोशॉप, रेखाटनाचं इलस्ट्रेटर आणि पीडीएफ. छपाईच्या जगावर तिचं राज्य. वेबवर मात्र तिचे पाय कधी घट्ट रोवले गेले नाहीत. वेबपानं बनवायचं पेजमिल १९९५ मध्ये विकत घेतलं, ते मागे पडलं. १९९९ मध्ये त्याच कामाचं गोलाइव्ह घेतलं, त्याने मॅकवर बऱ्यापैकी जम बसवला. फ्लॅशला उत्तर म्हणून २००० साली लाइव्हमोशन काढलं आणि २००३ मध्ये गुंडाळलं. मॅक्रोमीडियाकडे १९९७ पासून फ्लॅश आणि ड्रीमवीव्हर होतं, १९९८ पासून फायरवर्क्स, आणि २००१ मध्ये अलेअर ही कंपनी घेतल्यावर वेबसाइटच्या सर्व्हरवर चालणारं कोल्डफ्यूजनही आलं. वेबची पानं बनवून पोट भरणाऱ्यांचं घर बहुधा मॅक्रोमीडियाच्या हद्दीत होतं.

२००० साली अ‍ॅडोबीने मॅक्रोमीडियावर पेटंटभंगाचा दावा ठोकला. वाद कशावरून, तर टॅब असलेली पॅलेट खिडकीतून ओढून दुसरीकडे जोडता येण्यावरून. मॅक्रोमीडियाने उलट दावा केला. मे २००२ मध्ये एका ज्यूरीने अ‍ॅडोबीला २८ लाख डॉलर देवविले, आणि लगोलग दुसऱ्या ज्यूरीने मॅक्रोमीडियाला ४९ लाख. जुलैमध्ये दोघींनी समझोता केला. तीनच वर्षांत त्या एक होणार असं कोणी तेव्हा म्हणालं असतं, तर लोक हसले असते.

त्यामुळे घोषणेनंतरच्या प्रतिक्रियांना भावनेची किनार होती हे खरं. मॅक्रोमीडियाचे वापरकर्ते स्वतःला वेबचे मूळ रहिवासी समजत, आणि अ‍ॅडोबी त्यांना छपाईवाल्यांची जड, महागडी कंपनी वाटे. तिच्याबद्दल संशय घ्यायला ताजं कारणही होतं: मोठ्या दस्तऐवजांसाठीचं फ्रेममेकर १९९५ मध्ये ताब्यात घेऊन तिने २००४ मध्ये त्याची मॅक आवृत्ती बंद केली होती. छपाईची पानं मांडायचं पेजमेकरही त्याच कामाच्या इनडिझाइनच्या सावलीत कोमेजलं होतं. 'अ‍ॅडोबी घेते म्हणजे पुढे काय होतं' याचे दाखले लोकांकडे तयार होते.

उलट बाजूने खुशीही कमी नव्हती. फोटोशॉपमध्ये डिझाइन करायचं, त्याचे तुकडे करून ड्रीमवीव्हरमध्ये न्यायचे, इलस्ट्रेटरची रेखाटनं फ्लॅशमध्ये आणताना थर सपाट होऊन बसायचे, ही रोजची डोकेदुखी होती. दोन्ही हात एकाच धन्याचे झाले तर एका हाताचं दुसऱ्याला कळेल, ही आशा अगदी वाजवी होती. आणि ती पुरीही झाली. २००७ च्या सीएस३ मध्ये (क्रिएटिव्ह सूट या एकत्रित संचाच्या तिसऱ्या आवृत्तीत) फ्लॅश थरांसकट फोटोशॉप आणि इलस्ट्रेटरच्या फायली आत घेऊ लागलं. टीकाकार हे सांगायला सहसा विसरतात.

फ्रीहँड: दुसऱ्यांदा तेच

सगळ्यांत काळवंडलेली प्रतिक्रिया होती फ्रीहँड वापरणाऱ्यांची, आणि ती समजून घ्यायला ११ वर्षं मागे जावं लागतं.

फ्रीहँड लिहिलं टेक्सासच्या आल्टसिसने, आणि बाजारात आणलं आल्डसने. १९९४ मध्ये अ‍ॅडोबीने आल्डस विकत घ्यायला काढली, तेव्हा अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने आडकाठी केली. इलस्ट्रेटर आणि फ्रीहँड हे दोनच खरे स्पर्धक. दोन्ही एका मुठीत गेले तर चित्रकारांनी जायचं कुठे? आयोगाने फ्रीहँड आल्टसिसला परत करायला लावलं आणि अशा प्रकारचं व्यावसायिक रेखाटन सॉफ्टवेअर परवानगीशिवाय विकत घेण्यावर अ‍ॅडोबीला १० वर्षांची बंदी घातली. १९९५ च्या सुरुवातीला आल्टसिस मॅक्रोमीडियाकडे गेली, आणि तिच्याबरोबर फ्रीहँडही.

बंदीची मुदत २००४ मध्ये संपली. एप्रिल २००५ मध्ये घोषणा झाली.

फ्रीहँडवाल्यांनी ही दोन सालं शेजारी शेजारी मांडली, आणि त्यांना पुढचं सगळं दिसलं. त्यात त्यांनी कोणाचा हेतू ओळखला असं मला म्हणायचं नाही; ३.४ अब्ज डॉलर कोणी फ्रीहँडसाठी मोजत नाही, सौद्याचं खरं लक्ष्य फ्लॅश होतं. पण हेतू काही असो, इलस्ट्रेटर विकणारी कंपनी फ्रीहँडवर माणसं आणि पैसा का लावेल, या प्रश्नाला त्यांच्याकडे उत्तर नव्हतं. दुसऱ्या कोणाकडेही नव्हतं. यात मॅक्रोमीडियाचाही दोष आहे: फ्रीहँडची शेवटची मोठी आवृत्ती, एमएक्स, २००३ ची, आणि नंतर मॅक्रोमीडियाने स्वतःच त्याच्याकडे पाठ फिरवली होती. विलीनीकरणाच्या वेळी अमेरिकेच्या न्याय विभागाने जास्तीची माहिती मागवली, काही महिने तपासलं आणि ऑक्टोबरमध्ये हिरवा कंदील दाखवला. १९९४ मध्ये जे सॉफ्टवेअर तगडा स्पर्धक म्हणून वेगळं काढलं होतं, त्याच्यासाठी या खेपेला कोणी अडून बसलं नाही.

मे २००७ मध्ये अ‍ॅडोबीने सांगून टाकलं की फ्रीहँडची पुढची आवृत्ती येणार नाही, इलस्ट्रेटरकडे वळा.

वळायला काय हरकत होती? बाहेरच्या माणसाला दोन्ही सारखीच वाटतात. पण फ्रीहँडमध्ये एका फायलीत वेगवेगळ्या मापांची अनेक पानं ठेवता यायची. एखाद्या संस्थेचं बोधचिन्ह, पत्रशीर्ष, भेटपत्र आणि माहितीपत्रक एकाच फायलीत, शेजारी शेजारी. बोधचिन्हाचा निळा बदलला की चारही ठिकाणी नजर टाकून लगेच कळायचं की तो कुठे उठतो आणि कुठे मार खातो. इलस्ट्रेटरमध्ये त्या वेळी एक फाइल म्हणजे एक पान. अनेक आर्टबोर्डांची, म्हणजे पानांची, सोय तिथे २००८ मध्ये, सीएस४ बरोबर आली. म्हणजे ज्यांना 'इलस्ट्रेटरकडे वळा' असं २००७ मध्ये सांगितलं, त्यांना ती सोय तेव्हा तिथे मिळणार नव्हती.

बरं, जुनंच वापरत राहतो म्हणावं, तर तेही फार काळ चाललं नाही. मॅकवरचं फ्रीहँड पॉवरपीसी प्रोसेसरसाठी लिहिलेलं. इंटेलच्या मॅकवर ते रोझेटा या दुभाष्यामार्फत चालायचं. २०११ मध्ये अ‍ॅपलने लायन आवृत्तीत रोझेटा काढून टाकलं आणि फ्रीहँड सुरू होईनासं झालं. त्याच वर्षी 'फ्री फ्रीहँड' या संघटनेने अ‍ॅडोबीवर कॅलिफोर्नियातल्या संघराज्य न्यायालयात मक्तेदारीविरोधी कायद्याखाली दावा लावला. पुढे तडजोड झाली. फ्रीहँड काही परत आलं नाही. सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनी संघटना उभारून विलीनीकरणाविरुद्ध कोर्टाची पायरी चढावी, याचं दुसरं उदाहरण मला चटकन आठवत नाही.

गोलाइव्ह: विजेत्याच्या घरातला पराभव

गोलाइव्हची गोष्ट उलटी आहे. घोषणा झाली तेव्हा अ‍ॅडोबीचे जुने ग्राहक निर्धास्त होते. घेणारी कंपनी आपली, मग आपल्याला कसली भीती? गोलाइव्हवर हात बसलेले बरेच डिझायनर छपाईकडून आलेले. पानावर लेआउट ग्रिड टाकायचं, चित्र आणि मजकूर हवा तिथे सरकवायचा; गोलाइव्ह मागच्या बाजूला अदृश्य तक्ते रचून सगळं जागच्या जागी धरून ठेवायचं. एचटीएमएलला हात न लावता पान उभं राहायचं. कोड लिहिणाऱ्यांना नेमकी हीच गोष्ट खुपायची, कारण गोलाइव्ह स्वतःचे टॅग घुसडायचं, तर ड्रीमवीव्हर हाताने लिहिलेल्या कोडला धक्का न लावण्याबद्दल प्रसिद्ध होतं.

ड्रीमवीव्हर सरस आणि त्याचा बाजार मोठा, हे उघड होतं. सीएस३ च्या पेटीत ड्रीमवीव्हर बसलं. गोलाइव्ह ९ त्याच वर्षी वेगळं विकायला काढलं, आणि एप्रिल २००८ मध्ये त्याची विक्री थांबली. साइट ड्रीमवीव्हरमध्ये न्यायला साधन दिलं गेलं, पण ग्रिडवर विचार करणाऱ्या माणसाचा हात कोणतंही साधन बदलून देत नाही. जिंकलेल्या कंपनीच्या निष्ठावंत ग्राहकांचं सॉफ्टवेअर गेलं. आपण घेणाऱ्याच्या बाजूचे की घेतल्या जाणाऱ्याच्या, हा प्रश्नच गैरलागू ठरला; जोडीतलं जे लंगडं, ते जाणार एवढंच खरं.

एसव्हीजीची कथा थोडक्यात सांगून पुढे जातो. वेबवर वेक्टर (कितीही मोठी केली तरी न फाटणारी) चित्रं दाखवण्याच्या या खुल्या मानकामागे अ‍ॅडोबी हिरिरीने उभी होती, त्यासाठी तिने स्वतःचा फुकट व्ह्यूअरही दिला होता. फ्लॅश घरात आल्यावर एसव्हीजीचं काय, असं त्याच्या पाठीराख्यांनी लगेच विचारलं. २००६ मध्ये उत्तर मिळालं: व्ह्यूअरचा पाठिंबा बंद होणार. १ जानेवारी २००९ पासून तो बंद झाला. पुढे ब्राउझरांनीच एसव्हीजी आत्मसात केलं, म्हणून ते जगलं. आज ते सगळीकडे आहे आणि फ्लॅश कुठेच नाही, यात जो काव्यात्म न्याय आहे तो तेव्हा कोणालाही दिसणं शक्य नव्हतं.

फायरवर्क्स आणि आठ वर्षांची धाकधूक

फायरवर्क्सवाल्यांची भीती सगळ्यांत लांबली. त्याची जोडी नीट जुळत नव्हती. एका बाजूने ते फोटोशॉपबरोबर येणाऱ्या इमेजरेडीला भिडत होतं, दुसऱ्या बाजूने खुद्द फोटोशॉपला. सीएस३ मध्ये अ‍ॅडोबीने इमेजरेडी काढलं आणि फायरवर्क्स ठेवलं, तेव्हा अनेकांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

फायरवर्क्सचं मर्म त्याच्या फायलीत होतं. मूळ फाइल म्हणजे पीएनजी. ब्राउझरमध्ये टाकली तर साधं चित्र दिसायचं. फायरवर्क्समध्ये उघडली तर थर, अक्षरं, आकार, स्लाइस (वेबसाठी कापलेले तुकडे) सगळं सुटंसुटं हाती यायचं. बटणासाठी गोल कोपऱ्यांचा आयत काढला तर कोपऱ्याची गोलाई नंतरही ओढून बदलता यायची, आणि आयत ताणला तरी कोपरे विद्रूप होत नसत. क्षुल्लक वाटेल, पण पडद्यासाठी डिझाइन करणारा माणूस दिवसभर हेच करत असतो. फोटोशॉपमध्ये एकदा काढलेल्या आयताची गोलाई बदलण्याची सोय आली २०१३ मध्ये.

आणि ६ मे २०१३ रोजी अ‍ॅडोबीने कळवलं की सीएस६ नंतर फायरवर्क्सची नवी आवृत्ती निघणार नाही. कारण काय दिलं? त्याची कामं फोटोशॉप, इलस्ट्रेटर आणि वेबसाठीच्या एज मालिकेतल्या सॉफ्टवेअरांच्या कामांवर चढतात. २००५ मध्ये वापरकर्त्यांनी जी कसोटी लावली होती, तीच कंपनीने आठ वर्षांनी स्वतःच्या तोंडाने सांगितली.

चुकलेला अंदाज आणि न केलेला अंदाज

फ्लॅशबद्दलची भाकितं मात्र सपशेल फसली. अ‍ॅडोबी फ्लॅशला फुगवेल, पीडीएफच्या दावणीला बांधेल, त्याचा जीव जाईल, असं म्हणणारे खूप होते. प्रत्यक्षात अ‍ॅडोबीने त्याचे लाडच केले: फ्लॅशवर अ‍ॅप्स बनवायचं फ्लेक्स वाढवलं, २००८ मध्ये ती ब्राउझरबाहेर चालवणारं एअर आणलं. मॅक्रोमीडियाचे केव्हिन लिंच त्याच वर्षी अ‍ॅडोबीचे मुख्य तंत्रज्ञान अधिकारी झाले. फ्लॅशला संपवलं ते बाहेरच्या जगाने. आयफोनने त्याला आत घेतलं नाही, २०१० मध्ये स्टीव्ह जॉब्सने जाहीर पत्र लिहून कारणं मांडली, सुरक्षेची भोकं बुजता बुजेनात, आणि अखेर ३१ डिसेंबर २०२० रोजी त्याचा पाठिंबा संपला. विलीनीकरणाशी याचा संबंध जोडायला बरीच ओढाताण करावी लागते.

किमतीची भीती तर सुरुवातीला अगदीच खोटी पडली. मॅक्रोमीडियाचा स्टुडिओ ८ अमेरिकेत ९९९ डॉलरला होता. ड्रीमवीव्हर, फ्लॅश, फायरवर्क्स असलेली सीएस३ वेब स्टँडर्डची पेटीही ९९९ डॉलरलाच. युरोपातल्या ग्राहकांनी तिथल्या चढ्या दरांवरून आरडाओरडा केला, पण तो देशादेशांतल्या तफावतीचा तंटा होता. 'बघा, काही महागलं नाही' असं २००७ मध्ये म्हणणारा माणूस खोटं बोलत नव्हता.

खरा हिशेब सहा वर्षांनी आला, आणि तोही ६ मे २०१३ लाच, फायरवर्क्सची बातमी आली त्या दिवशी. अ‍ॅडोबीने जाहीर केलं की क्रिएटिव्ह सूटची नवी पेटी यापुढे विकायला नसेल. क्रिएटिव्ह क्लाउड भाड्याने घ्या. पूर्ण संचाला वार्षिक करारावर महिना ४९.९९ डॉलर. दोन-तीन आवृत्त्या गाळून मग अपग्रेड करणाऱ्या स्वतंत्र डिझायनरची सगळी काटकसर मोडीत निघाली. निषेधाच्या याचिकेवर हजारोंच्या संख्येने सह्या झाल्या. कंपनीने छायाचित्रकारांसाठी फोटोशॉप आणि लाइटरूमची ९.९९ डॉलरची स्वस्त योजना काढली, मूळ निर्णय मात्र हलला नाही.

न्यायाने हेही सांगायला हवं की नव्याने धंद्यात येणाऱ्याला महिन्याचे ५० डॉलर सोपे होते. सीएस३ चा सगळ्यांत मोठा संच एकरकमी २,४९९ डॉलरला मिळायचा. पण ज्याला हे भाडं नको होतं त्याच्यापुढे वाट काय होती? वेबचं काम करणाऱ्याने २००४ मध्ये अ‍ॅडोबीवर रागावून सरळ मॅक्रोमीडियाकडे जायचं असतं. २०१३ मध्ये त्या पत्त्यावर कोणी राहत नव्हतं. मॅक्रोमीडिया स्वतंत्र राहती तर तिनेही भाडं लावलं असतं का? कदाचित लावलं असतं. पण निदान कोणीतरी दुसऱ्याच्या चिडलेल्या ग्राहकांना पेटी विकण्याचा मोह धरला असता. मायक्रोसॉफ्टने २००५ मध्ये डिझाइनच्या एक्स्प्रेशन मालिकेची घोषणा केली तेव्हा तो स्पर्धक होईल असं वाटलं होतं. डिसेंबर २०१२ मध्ये तिनेही ती गुंडाळली.

२००५ च्या प्रतिक्रियांत ही चिंता जवळजवळ सापडत नाही. लोक आपल्या आवडत्या साधनाबद्दल बोलत होते, साधन बदलण्याच्या मोकळीकीबद्दल नव्हे. तसं बोलणारे होते ते फक्त फ्रीहँडवाले, कारण त्यांनी १९९४ पाहिलं होतं.

२०२२: तेच नाटक, नवे प्रेक्षक

फायरवर्क्सच्या विस्थापितांना आधी स्केच या पडद्यांच्या डिझाइनच्या सॉफ्टवेअरने आसरा दिला, मग त्याच कामाच्या, ब्राउझरमध्ये चालणाऱ्या फिग्माने. १५ सप्टेंबर २०२२ रोजी अ‍ॅडोबीने फिग्मा २० अब्ज डॉलरला विकत घेत असल्याचं जाहीर केलं. फिग्मा स्वायत्त राहील, असं आश्वासन दोन्हीकडून आलं. या वेळच्या प्रतिक्रिया वाचताना फरक ठळक जाणवतो. 'माझ्या फिग्माचं काय होणार' हे होतंच, पण त्याच्या बरोबरीने 'आता स्पर्धा उरणार कोणाशी' हेही सर्रास विचारलं जात होतं. फायरवर्क्सचं नाव घेतलं जात होतं. त्याच कामाचं मुक्त स्रोताचं पेनपॉट एकाएकी चर्चेत आलं. वर्गणी भरून कंटाळलेल्यांना कोणाच्याही मालकीचं नसलेलं काहीतरी हवं होतं.

वापरकर्त्यांच्या ओरडण्यामुळे सौदा मोडला असं म्हणणं अतिशयोक्ती ठरेल. तो मोडला तो ब्रिटनचं स्पर्धा प्राधिकरण आणि युरोपीय आयोग यांच्या चौकशीमुळे. नोव्हेंबर २०२३ मध्ये दोन्हीकडून प्रतिकूल प्राथमिक मतं आली आणि १८ डिसेंबरला कंपन्यांनी सौदा सोडून दिला. अ‍ॅडोबीला मोडणावळ म्हणून फिग्माला १ अब्ज डॉलर मोजावे लागले. नियामकांनी तपासलं ते मात्र १९९४ च्या आयोगाने तपासलं होतं तेच: दोन साधनं एका मुठीत गेली, तर वापरणाऱ्याने जायचं कुठे.

सौदा लटकलेला असतानाच अ‍ॅडोबीने फिग्माशी टक्कर देणारं स्वतःचं एक्सडी वेगळं विकणं बंद केलं होतं. सौदा मोडल्यावर विचारणा झाली, तेव्हा एक्सडीत आणखी गुंतवणूक करण्याचा बेत नसल्याचं तिने सांगितलं. फिग्मा जुलै २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात स्वतंत्रपणे नोंदली गेली. एक्सडीवर आपली सगळी कामं रचलेले लोक, विलीनीकरण झालंच नाही तरी, आपल्या फायली दुसरीकडे हलवत बसले.